फुलांचा सौदा

झेंडू कोणाला ठाऊक नाही? दसऱ्याला दाराला तोरण, दिवाळीला वहीपूजन, लग्नाला मांडव. सगळीकडे झेंडू लागतो. मूळचा हा अमेरिका खंडातला, मेक्सिको देशाकडचा. पण आता तो आपल्यात इतका मिसळला आहे, की झेंडूवाचून दसरा होत नाही.

पण फूल पिकवणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हाती ते कसे जाते? मधे काय काय हिशेब होतो? आज तोच हिशेब वाचू. आम्हाला हा धडा एका मावशींनी शिकवला. आम्ही शाळेत हेडमास्तर होतो, तरी.

मावशींचे गाव गुंजवणी नदीच्या खोऱ्यात. ही नदी वेल्हे तालुक्यातून वाहते. (सरकारने आता या तालुक्याला राजगड असे नाव दिले आहे. पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच बसले आहे.) तिकडे पाऊस फार. खालच्या खाचरांत भात. झेंडूला मात्र साचलेले पाणी सोसत नाही. मुळे कुजतात. म्हणून मावशींचा झेंडू असतो वरच्या उताराच्या तुकड्यात, सरी-वरंब्यावर. तुकडा आठ गुंठ्यांचा.

आठ गुंठे म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. जरा मोजून पाहा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोन ओळींत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवले, तर एका रोपाला तीन चौरस फूट जागा लागते. भागाकार केला की गुंठ्यात ३६३ रोपे बसतात. आठ गुंठ्यांत झाली २,९०४. एवढी रोपे लावायची, खुरपायची, महिन्याने शेंडे खुडायचे म्हणजे फांद्या फुटतात, आणि मग दर तीन-चार दिवसांनी वाकून फुले तोडायची. मावशींच्या घरी हे करायला त्या आणि त्यांची सून, अशा दोघीच.

काही वर्षांमागची गोष्ट. नसरापूरजवळ चेलाडी फाट्यावर आम्ही एस.टी.ची वाट पाहत उभे होतो. मावशी जवळ आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक चुरगळलेला कागद काढला.

"गुरुजी, येवढं वाचून सांगता का? टेम्पोवाल्यानं पैशाबरूबर दिलाय."

ती पट्टी होती. माल बाजारात विकला गेला की आडत्या जो हिशेबाचा कागद देतो, त्याला पट्टी म्हणतात. मावशींचा माल टेम्पोने पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला होता. आम्ही पट्टी वाचली. तुम्हीही वाचा. बोट ठेवून, सावकाश.

माल : झेंडू. क्रेट ६.
एकूण वजन : ७२ किलो.
रिकामे क्रेट वजा : १२ किलो.
निव्वळ वजन : ६० किलो.
दर : किलोस ४० रुपये.
रक्कम : २,४०० रुपये.
वजा भाडे : ३०० रुपये.
वजा हमाली व तोलाई : ४८ रुपये.
बाकी देणे : २,०५२ रुपये.

"मावशी, तुमच्या हातात किती आले?" आम्ही विचारले.

"साडेअठराशे."

२,०५२ मधून १,८५० वजा करा. दोनशे दोन रुपये कमी. पट्टीत खोट नव्हती. आडत्याने बरोबर लिहिले होते. पैसे वाटेत गळले होते. आणि कागद तर मावशींच्या पदरातच होता! फक्त तो वाचता येत नव्हता.

मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी आजवर किती गेलं आसंल वो?" याला उत्तर आमच्यापाशी नव्हते. जुन्या पट्ट्या त्यांनी चुलीत घातल्या होत्या. त्याच महिन्यात मावशी रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी आहे. हायवेलगतच्या मंगल कार्यालयांना आणि देवळांजवळच्या हारवाल्यांना तो फुले पुरवतो. आपल्या भागात गिऱ्हाइकाला तोटा नाही. नसरापूरला बनेश्वर आहे. कापूरहोळहून वळले की केतकावळ्याचा बालाजी आणि पुढे नारायणपूरचे दत्त मंदिर. हा मुलगा आधी रात्री दोनला उठून गुलटेकडीला जाई आणि फुले घेऊन परत येई. एकदा तो आम्हाला म्हणाला, "गुरुजी, गंमत बघा. आपल्या गावची फुलं कात्रजच्या पलीकडं जातात. मी तिकडं जाऊन तीच इकत घेतो आन् परत इकडं आणतो. जातानाचं भाडं मावशी भरतात, येतानाचं मी भरतो."

बोलणे खरे होते. आम्ही त्याला म्हटले, "मग सरळ बांधावरून घे ना." त्याने २०२४ च्या उन्हाळ्यात मावशींना आणि आणखी चार-पाच जणांना सांगून ठेवले, की यंदा तुमचे फूल मी घेईन. दर बाजारासारखा देईन. त्याने आम्हाला विचारले, "लिहून घेऊ का?" आम्ही म्हणालो, "अरे, शेजारी माणसे तुम्ही. लिहायचे कशाला?"

इथे आम्ही चुकलो. कसे चुकलो, ते आता ऐका.

पहिली फसगत तारखेची झाली. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता. त्या वर्षी मावशींनी ऑगस्टच्या विसाव्या तारखेला रोपे लावली होती, आणि फूल ऐन दसऱ्याला भरात आले होते. म्हणून २०२४ सालीही त्यांनी ऑगस्टची २० तारीखच धरली. पण २०२४ चा दसरा आला १२ ऑक्टोबरला! शेतात कळ्या, आणि गावात तोरणे. फूल भरात आले ते दसऱ्यानंतर बारा दिवसांनी. आमचा विद्यार्थी पुन्हा रात्री दोनला उठून गुलटेकडीला गेला.

असे का होते? आपले सण तिथीवर चालतात. चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. म्हणून दसरा दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरतो. असा सरत सरत तो फार मागे जाऊ नये म्हणून साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना येतो. त्या वर्षी दसरा एकदम पुढे जातो. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून दसरा २४ ऑक्टोबरला गेला. २०२४ ला तो १२ ऑक्टोबर झाला. २०२५ ला २ ऑक्टोबर. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून दसरा २० ऑक्टोबरला.

झेंडूला पंचांग कळत नाही. त्याला आपले दिवस कळतात. लावल्यापासून साठ-पासष्ट दिवसांनी तो तोडणीला येतो. म्हणून दिवस उलटे मोजावेत. २ ऑक्टोबरच्या आधी पासष्ट दिवस म्हणजे २९ जुलै. २० ऑक्टोबरच्या आधी पासष्ट दिवस म्हणजे १६ ऑगस्ट. त्याच्याही आधी पंचवीस दिवस रोपवाटिकेत बी पडले पाहिजे. भिंतीवरची दिनदर्शिका घ्या, दसऱ्यावर बोट ठेवा आणि मागे मोजत चला. हे काम पिकवणाऱ्याचे आहे, तसेच घेणाऱ्याचेही आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन येणारा व्यापारी फूल घेतो खरे, पण फूल घडवत नाही. ज्याला गावचे फूल हवे, त्याने आषाढातच शेतावर आले पाहिजे.

दुसरी फसगत दिवाळीत झाली. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते. मावशींचे शेत पिवळे-नारिंगी झाले होते. मुलाने कार्यालयवाल्यांना आणि हारवाल्यांना शब्द दिला होता. आदल्या संध्याकाळी बाहेरगावचा एक टेम्पो गावात शिरला. त्याने बाजारापेक्षा चढा भाव सांगितला, रोख पैसे दाखवले, आणि मावशींनी निम्मा माल त्याला देऊन टाकला. पहाटे मुलगा क्रेट घेऊन आला, तर शेत अर्धे रिकामे.

दोघेही आमच्याकडे आले. मुलगा रागावला होता. "मावशी, तुम्ही शब्द दिला होता!" मावशीही गप्प बसणाऱ्या नव्हत्या. "पोरा, तू तरी दर कुठं सांगितला हुतास? बाजारासारखा म्हनलास. त्यो टेम्पोवाला म्हनला बाजार लई चढलाय. मंग मी काय करायचं? आन् बाजार पडला आसता, तर तू आला आसतास का?"

मुलगा उत्तर देईना. आम्हीही देईना. बाजार पडतो तेव्हा काय होते, ते सगळ्यांनी पाहिले आहे. दसऱ्याच्या दुपारनंतर झेंडूला कोणी विचारत नाही. माल परत नेण्याचे भाडेही परवडत नाही म्हणून शेतकरी ढीग तिथेच टाकून जातात. फूल हे काही धान्य नाही, की कणगीत ठेवावे आणि भाव आला की काढावे. सकाळचे फूल संध्याकाळी शिळे. म्हणून भाव ठरवताना फूलवाला नेहमी घाईत असतो आणि घेणारा निवांत असतो.

दूर युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. तिथे फुलांचा मोठा व्यापार चालतो. तिथल्या फूलवाल्यांचेही हेच दुखणे होते. मग १९११ च्या सुमारास आल्समीर नावाच्या गावी पिकवणाऱ्यांनी मिळून आपला स्वतःचा लिलाव सुरू केला. त्यांची रीत मोठी मजेची. आपल्याकडे बोली खालून वर चढते. तिथे भिंतीवर घड्याळासारखी तबकडी असे, आणि काटा वरच्या दरापासून खाली येई. जो पहिला कळ दाबील त्याचा माल. आता खरेदीदार संगणकावर बसून कळ दाबतात. पण बाजार अजून पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्याच मालकीचा आहे. आमच्या आठ गुंठेवाल्या मावशींना लगेच असा बाजार कुठला? पण कागद आणि पेन्सिल तर होती. त्यांच्यापासून आम्ही सुरुवात केली.

२०२५ च्या जून महिन्यात आम्ही सगळे मावशींच्या ओसरीवर बसलो. दर ठरवायला दोन तास लागले. चहा दोनदा झाला. शेवटी ठरले ते असे. झेंडूचा दर किलोस ५० रुपये. गुलटेकडीचा भाव त्या दिवशी ७० च्या वर गेला, तर ७० च्या वर जेवढा गेला त्याचा निम्मा मावशींना जादा मिळायचा. भाव ३० च्या खाली गेला, तर मावशींनी किलोमागे ५ रुपये सोडायचे. पण माल घ्यायचाच. आणि मुलाने ५०० रुपये विसार आधी द्यायचा. विसार दिला की माणूस बांधला जातो. नुसत्या शब्दाला वारा लागतो.

या दरात मावशींचे नुकसान नाही का? आम्हीही हे विचारले. मावशींनीच पाटीवर हिशेब मांडला. बाजारात दर ५५ मिळाला आणि किलोमागे सहा रुपये भाडे-हमालीत गेले, तर हाती ४९ येतात. बांधावर ५० आले, तर एक रुपया जास्तच. शिवाय पैसे वाटेत गळत नाहीत! हे शेवटचे वाक्य त्यांनी आमच्याकडे पाहून म्हटले.

मग मालाची बोलणी झाली. इथे बारकावे पुष्कळ आहेत.

झेंडू आणि शेवंती किलोवर घेतात. गुलछडी सुटी असेल तर किलोवर, दांड्यांसकट असेल तर दांड्या मोजून. अॅस्टर जुडीवर. जुडीत किती दांड्या, ते आधी बोलून घ्यावे. नाहीतर एकाची जुडी मनगटाएवढी आणि दुसऱ्याची अंगठ्याएवढी. शेवंती दिवस लहान झाला की फुलते, म्हणून ती ऑक्टोबरनंतर मार्गशीर्षापर्यंत उपयोगी पडते. गुलछडीची दांडी खालची एक-दोन फुले उमलली की कापावी. अॅस्टर मात्र पुरते उमलल्यावर. दांडीची फुले कापल्याबरोबर स्वच्छ पाण्याच्या बादलीत उभी करावीत. पाण्यात बुडणारी पाने आधी काढून टाकावीत, नाहीतर ती कुजून पाणी नासते.

गौरीला तेरडा लागतो. तो बांधावर आपोआप येतो. पण आमची एक विनंती आहे. रायरेश्वराच्या पठारावर श्रावण-भाद्रपदात रानफुले येतात, ती कोणी पोत्याने खुडून विकायला आणू नयेत. तिथे ना पेरणारा, ना राखणारा. बी पडले तरच ती पुढच्या वर्षी येणार.

झेंडूचे दुखणे वेगळे. त्याला पाणी लागता कामा नये. दव सुकल्यावर किंवा उन्हे कलल्यावर तोडावा. गोणीत दाबून भरला तर आत उकाडा धरतो आणि फूल काळे पडते. म्हणून क्रेट बरा. आणि ओले फूल जड होते. घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा संशय इथेच असतो. २०२५ च्या सप्टेंबरअखेर पावसाने राज्यभर कहर केला. आमच्याकडेही फूल भिजलेच. मुलगा म्हणाला, "मावशी, मी पाणी इकत घेऊ का?" मावशी म्हणाल्या, "मी काय मुद्दाम शिंपडलंय का?" दोघांचेही खरे. मग तोडलेली फुले रात्रभर ओसरीवर पोत्यांवर पातळ पसरली, वर पंखा लावला, आणि सकाळी वजन केले. वजन घटले. मावशींचे तोंड जरा उतरले. पण माल टिकला, परत आला नाही, आणि दर पुरा मिळाला.

वजनाचा काटा कोणाचाही असो. त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, ते पाहावे. विजेवरच्या काट्याची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. आणि रिकामे क्रेट आधी मोजावे. सगळे क्रेट सारख्या वजनाचे नसतात. पावसात भिजलेला, चिखल लागलेला क्रेट जास्त भरतो, आणि सगळ्यांना सारखीच वजावट धरली तर हिशेब चुकतो.

पहिल्या तोडणीच्या दिवशी मावशींनी चिठ्ठी स्वतः लिहिली. दोन प्रती केल्या. एक त्यांच्याजवळ राहिली, एक मुलाने नेली. अक्षर मोठे होते, ओळी जरा वाकड्या गेल्या होत्या. वाचा :

तारीख : ३० सप्टेंबर २०२५.
माल : झेंडू, नारिंगी. क्रेट ५.
एकूण वजन : ५८ किलो.
रिकामे क्रेट वजा : १० किलो.
निव्वळ वजन : ४८ किलो.
दर : किलोस ५० रुपये.
रक्कम : २,४०० रुपये.
विसार वजा : ५०० रुपये.
रोख मिळाले : १,९०० रुपये.
देणाराची सही. घेणाराची सही.

मुलाने नोटा मोजून दिल्या. मावशींनी त्या पुन्हा मोजल्या, चिठ्ठीवर बोट ठेवले, शेवटची ओळ वाचली आणि मगच सही केली. मुलगा हसला. "मावशी, इस्वास न्हाई व्हय?" मावशी म्हणाल्या, "हाय की. म्हनून तर लिवून ठेवलंय."

यंदाचा दसरा वीस ऑक्टोबरचा आहे हे मावशींना ठाऊक आहे. त्यांच्या घरातल्या दिनदर्शिकेवर १६ ऑगस्टच्या भोवती खडूने गोल काढलेला आम्ही पाहिला. शेजारच्या तिघींनीही तशीच चिठ्ठी करायची म्हणून आमच्याकडून कागद नेले आहेत. बियाणे एकदम आणायचे, म्हणजे स्वस्त पडेल, असेही त्यांचे चालले आहे. जमते का पाहायचे.

आता वही उघडा. वरची चिठ्ठी आपल्या वहीत उतरून घ्या. मग हे उदाहरण सोडवा. समजा, त्या दिवशी गुलटेकडीचा भाव किलोस ९० रुपये होता. ओसरीवर ठरले होते त्याप्रमाणे मावशींना किलोला किती दर मिळायला हवा? ४८ किलोंचे किती रुपये होतील? विसार वजा करून हाती किती येतील? उत्तर आले की शेजाऱ्याच्या उत्तराशी ताडून पाहा.